टार्नस्केलांची भावकी

दत्तप्रसाद तळवडेकरांना समोरच्यात आधी आडनाव दिसायचं, मग गाव, आणि वेळ उरलाच तर माणूस. दुबईत बावीस वर्षं काढली तरी ही खोड काही गेली नाही. इंटरनॅशनल सिटीतल्या आपल्या बिल्डिंगमध्ये नवा मराठी चेहरा दिसला की हे विचारणारच, "कुठले तुम्ही?" तो म्हणाला पुण्याचा, की हे म्हणणार, "ते झालं हो, मूळचे कुठले?" तो बिचारा कुलदैवतापर्यंत पोचल्याशिवाय काही सुटायचा नाही. सोबत पंधरा वर्षांची शुभ्रा असली तर ती मोबाईलमध्ये तोंड खुपसून चार पावलं लांब उभी राहायची. "बाबा, प्लीज. इट्स सो एम्बॅरसिंग," एवढंच तिचं म्हणणं.

आता अशा माणसाच्या शेजाराला लेनर्ड टार्नस्केल यावा, ही देवाचीच करणी. अल क्वोजच्या ज्या गोदामात दत्तप्रसाद स्टोअर सांभाळायचे, तिथेच हा इंग्रज पाईप आणि व्हॉल्व्ह तपासणारा इंजिनिअर होता. गोरा साहेब म्हटल्यावर समुद्राकाठच्या टॉवरमध्ये राहील, तर छे! दत्तप्रसादांच्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले खाली, एका खोलीत. चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला तरी कंपनीने त्याला सल्लागार म्हणून ठेवून घेतलं होतं. दर रविवारी दुपारी तो तळवडेकरांकडे जेवायला यायचा आणि सुचित्राने केलेली वालाची उसळ दोनदा मागून घ्यायचा. पहिल्याच रविवारी दत्तप्रसादांनी विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "फॅमिली? नोबडी." ते असं म्हणाला की दत्तप्रसादांच्या तोंडून पुढचा प्रश्न निघालाच नाही. असं त्यांच्या आयुष्यात एकदाच झालं असेल.

ऑक्टोबरात साहेबांना झटका आला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, डोकं मात्र शाबूत राहिलं. त्यात हृदयही थकलेलं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरने दत्तप्रसादांना बाहेर बोलावलं आणि सांगितलं, "फार तर महिना. त्यांचं कुणी असेल तर बोलावून घ्या."

दत्तप्रसाद घरी आले ते बूट न काढताच सोफ्यावर बसले. सुचित्राने पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"परमुलखात मरायचं, आणि उशाशी आपलं म्हणून एक माणूस नाही," ते म्हणाले. "अगं, शत्रूवरसुद्धा अशी वेळ येऊ नये."

"आपण आहोत ना."

"आपण कोण? आपण शेजारी. रक्ताचं माणूस वेगळं. मी आणतो बघ. त्यांच्या माणसांतलं एक तरी माणूस साहेबांच्या उशाशी आणून बसवलं नाही तर नावाचा तळवडेकर नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांच्या कानाशी वाकून विचारलं, "सर, तुमच्या लोकांना शोधू?" साहेबांनी डोळे मिटले ते इतका वेळ, की झोप लागली असं वाटावं. मग डाव्या हाताने त्यांनी दत्तप्रसादांचं मनगट धरलं. "ट्राय," ते म्हणाले. ते कुणाला शोधायला सांगत होते, हे दत्तप्रसादांनी विचारलं नाही. त्यांच्या मते त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

शोधायचं म्हणजे आडनाव शोधायचं. शुभ्राने लॅपटॉपवर एक साईट उघडून दिली आणि दत्तप्रसाद बघतच राहिले. इंग्लंडात एकेका आडनावाच्या संस्था असतात! आणि टार्नस्केल तर इतकं दुर्मीळ आडनाव की त्यांची संस्था एका फोल्डरात मावेल. चिटणीस कोण, तर आयव्ही टार्नस्केल नावाच्या एक निवृत्त शाळामास्तरीण. बाई उत्साही. दत्तप्रसादांच्या मेलला तासाभरात दीड पानी उत्तर आलं.

उत्तर इंग्लंडातल्या एका डोंगरी दरीत लहानसं तळं आहे, त्याच्या काठी पूर्वी मेंढपाळांच्या खोपट्या होत्या. त्या वस्तीचं नाव टार्नस्केल, आणि तिथून जे बाहेर पडले त्यांनी तेच नाव लावलं. आज तिथे तीन घरं उरलीत आणि त्यांतलं एकही टार्नस्केलांचं नाही. १८८१च्या शिरगणतीत हे आडनाव लावणारी त्रेसष्ट माणसं होती. आज जगभरात एकशे तेरा: इंग्लंडात एकाहत्तर, ऑस्ट्रेलियात बावीस, कॅनडात चौदा, न्यूझीलंडमध्ये सहा. तुमचे मिस्टर लेनर्ड आमच्या यादीत एकोणीसशे एक्क्याऐंशीनंतर बेपत्ता होते, लग्न झालं असावं की नाही तेही ठाऊक नाही. ते सापडल्याचा आम्हाला अतिशय आनंद झाला आहे.

दत्तप्रसादांचा चेहरा असा उजळला की काय सांगावं!

"सुचित्रा, ऐकलंस? गावावरनं आडनाव! म्हणजे हे टार्नस्केलकरच की गं! आपलं तळवडे, त्यांचंही तळ्याकाठचं. आणि सगळे मिळून एकशे चौदा. म्हणजे एक भावकी झाली. यांना एकमेकांचं सुतक लागत असणार."

"अहो, त्यांच्यात कुठलं सुतक?"

"नाव वेगळं असेल. पण असणारच काहीतरी. एका वस्तीची माणसं ती."

आयव्हीबाईंनी साहेबांचा फोटो आणि दत्तप्रसादांचं पत्र संस्थेच्या पानावर टाकलं, सगळ्या टार्नस्केलांना पाठवलंही. पत्र दत्तप्रसादांनी स्वतः लिहिलं होतं, काळीज ओतून. तुमचा भाऊबंद अखेरच्या घटका मोजतो आहे, एक जण या, राहायची सोय माझ्या घरी, जेवण शाकाहारी पण भरपूर.

आठवड्यात चाळीसेक उत्तरं आली. आणि काय सांगावं, एकाहून एक गोड. कुणाला साहेबांच्या आजोबांचं नाव हवं होतं, कुणाला पणजीची जन्मतारीख. पर्थच्या एका गृहस्थांना साहेबांच्या थुंकीचा नमुना हवा होता, डीएनए जुळवायला. त्याची डबी कुरियरने पाठवतो म्हणाले, भाडं त्यांचंच. कॅनडातल्या बाईंनी लिहिलं की मिस्टर लेनर्ड कधी टोरंटोकडे आले तर अवश्य भेटावं. येतो असं एकानेही लिहिलं नाही. आयव्हीबाईंनी मात्र नवा तक्ता पाठवला. त्यात सगळ्यात खाली नवी ओळ होती: संयुक्त अरब अमिराती, एक.

दत्तप्रसादांनी तो तक्ता रंगीत छापून घेतला. वीस दिरहम, म्हणजे पावणेपाचशे रुपये, सुचित्रा म्हणाली, वेड लागलंय तुम्हाला. तो त्यांनी साहेबांच्या खाटेसमोर चिकटवला.

"एनीवन?" साहेब रोज विचारायचे. दत्तप्रसाद आत शिरले की पहिला शब्द हाच.

"एकशे चौदा, सर! सगळे तुमची चौकशी करतात."

साहेब तक्त्याकडे बघायचे, मग तोंड फिरवायचे. दत्तप्रसादांना वाटायचं, औषधांनी गुंगी येत असेल.

गोदामाच्या गाडीवरचे कमरुद्दीनभाई मूळचे राजापूरचे, साहेबांना अधूनमधून बघायला यायचे. त्यांनी तक्ता बघितला आणि ते हसले. "दत्ताभाऊ, एकशे तेरांतला एक उठून येत नाही, त्याला भावकी कसली म्हणता? आमच्याकडे कुणी आजारी पडला तर अख्खा मोहल्ला दारात असतो, हाकलला तरी जात नाही."

"येतील हो. लांबचा पल्ला आहे."

"इन्शाल्ला," कमरुद्दीन म्हणाले, पण त्यांच्या तोंडावर काही तसं दिसत नव्हतं.

संस्थेच्या पानावर फोटो लागल्यावर माशा घोंगावायच्या त्याही घोंगावल्या. कुणी स्वतःला साहेबांचा पुतण्या म्हणवला आणि दुसऱ्याच ओळीत बँकेचा नंबर विचारला. दुसरा कुणी वकील निघाला. दत्तप्रसाद सावध झाले. आणि नेमका त्याच आठवड्यात, एका शुक्रवारी, हेझल डनमोरचा मेल आला.

मेल चार ओळींचा होता. मी लेनर्ड टार्नस्केल यांची मुलगी आहे. मी चार वर्षांची असताना आईने त्यांना सोडलं, तेव्हापासून आमची भेट नाही. मला यायचं आहे, पण त्यांना नको असेल तर मी येणार नाही. कृपा करून त्यांना विचाराल का?

दत्तप्रसादांनी तो तीनदा वाचला. मुलगी? साहेबांना? पंचवीस वर्षं दुबईत राहिलेला माणूस, कधी फोटो नाही, कधी नाव नाही. आणि ही डनमोर! हिचं लग्न झालं असेल म्हणावं, तर त्याबद्दल अक्षर नाही. त्यांनी लिहिलं, मॅडम, ओळख पटवण्यासाठी पासपोर्टची प्रत पाठवा. अर्ध्या तासात प्रत आली.

हेझल मार्गारेट डनमोर, वय शेहेचाळीस.

दत्तप्रसादांनी बोटाने मधलं नाव दाखवलं. "बघ, सुचित्रा. इथे काय लिहिलंय? मार्गारेट. बाईचं नाव. बापाचं नाव लेनर्ड, मग मधे लेनर्ड नको? तुझं मधलं नाव लग्नाआधी बापाचं होतं, नंतर माझं झालं. शुभ्राचं काय आहे? शुभ्रा दत्तप्रसाद तळवडेकर. आईने लहानपणीच तोडलं म्हणते, हिच्या नवऱ्याचा पत्ता नाही. मग मधे कुणाचं नाव पाहिजे? बापाचंच ना? हिच्या मधे बाप नाही आणि शेवटी आडनाव नाही. आणि म्हणे मुलगी!"

"साहेबांच्यात वेगळं असेल," सुचित्रा म्हणाली.

"काय वेगळं असणार? बाप तो बाप."

खात्री म्हणून त्यांनी आयव्हीबाईंना विचारलं. पाच दिवसांनी उत्तर आलं: डनमोर नावाचं कुणीही आमच्या यादीत नाही, आम्ही फक्त टार्नस्केल नाव लावणाऱ्यांचीच नोंद ठेवतो. पुढचं वाक्य दत्तप्रसादांनी नीट वाचलंच नाही. यादीत नाही ना? खलास.

कमरुद्दीनभाईंना त्यांनी हे सांगितलं तेव्हा गाडी उतरवून झाली होती आणि दोघं गोदामाच्या सावलीत कडक, दुधाळ करक चहा पीत उभे होते. कमरुद्दीनने कप खाली ठेवला.

"एवढा खटाटोप कशाला? साहेबाला सरळ विचारा ना. एक शब्दाचं काम."

"आणि खोटी निघाली तर? मरणाऱ्या माणसाला मुलगी आली म्हणून सांगायचं आणि मग नाही म्हणायचं? त्या आशेवर जीव जायचा त्यांचा. नाही हो, मला नाही जमायचं."

"आशेवर कुणी मरत नाही, दत्ताभाऊ."

दत्तप्रसादांनी विषय बदलला. हेझल डनमोरला त्यांनी उत्तरच दिलं नाही. तिचे आणखी दोन मेल आले. दुसऱ्यात एकच ओळ होती, ते नाही म्हणाले असतील तर तेवढं तरी कळवा. तोही त्यांनी तसाच ठेवला. फसवणारे लोक असेच चिकट असतात, हे त्यांना ठाऊक होतं.

हेझलचा पहिला मेल आल्याच्या अकराव्या दिवशी सकाळी दत्तप्रसाद हॉस्पिटलात पोचले तेव्हा साहेबांना ऊर्ध्व लागला होता. नर्सने खूण केली. साहेबांनी डोळे उघडले, दत्तप्रसादांना ओळखलं, आणि रोजच्यासारखंच, पण ओठांनीच, विचारलं, "एनीवन?"

दत्तप्रसाद वाकले. आजवर ते एकशे चौदाचं सांगत आले होते, आज त्यांना ते सांगवेना. मरणाऱ्याशी खोटं बोलू नये म्हणून, केवळ तेवढ्यासाठी, ते खरं बोलले.

"नो, सर. तुमचं कुणी नाही आलं. पण मी आहे."

साहेबांनी मान हलवली, समजलं अशी. मग भिंतीकडे तोंड केलं. साडेअकराला ते गेले.

दोन दिवसांनी वकिलातीतून फोन आला. पार्थिवाचे कागद करायचे आहेत, जवळच्या नातेवाइकाचा शोध लागला आहे. मिस्टर टार्नस्केल यांच्या जुन्या नोंदींत पत्नी, घटस्फोट आणि एक मुलगी आहे. मुलगी परवा येते आहे. तुम्ही शेजारी म्हणून तिला भेटाल का? नाव हेझल मार्गारेट डनमोर. आईने दुसरं लग्न केल्यावर सावत्र वडिलांचं आडनाव मिळालेलं.

दत्तप्रसादांनी फोन ठेवला. त्यांनी शुभ्राला हाक मारली आणि पासपोर्टची प्रत तिच्यासमोर धरली.

"यांच्यात मधलं नाव बापाचं नसतं?"

"बाबा, नो! देअर, मिडल नेम कॅन बी एनीथिंग. माझ्या क्लासमध्ये एकीचं रोझ आहे. एव्हरीबडी नोज दॅट." मग बापाचा चेहरा बघून ती थांबली. "व्हॉट हॅपन्ड?"

त्यांनी सांगितलं नाही. ते बेडरूममध्ये गेले आणि आयव्हीबाईंचा मेल पुन्हा उघडला. न वाचलेलं वाक्य तिथेच होतं: मुली आई किंवा नवऱ्यामुळे दुसऱ्या नावाखाली गेल्या की आमच्या तक्त्यातून निघून जातात, तेव्हा यादीत नसणं हा काही पुरावा नाही, कृपया मिस्टर लेनर्ड यांनाच विचारा. दत्तप्रसाद तोंडावर हात ठेवून रडले. सुचित्रा आत आली, सगळं समजली, आणि शेजारी बसली.

हेझल आली ती दुपारी. उंच, थकलेली, आणि डोळे तर हुबेहूब साहेबांचे. आडनावाशिवाय माणसात काही दिसतं हे दत्तप्रसादांना त्या दिवशी कळलं, आणि त्याचा आता कुणाला उपयोग नव्हता. सुचित्राने तिला सोफ्यावर बसवलं, चहा दिला. तिने दोन घोट घेतले आणि कप ठेवला.

"मिस्टर तळवडेकर, माझा पासपोर्ट तुम्हाला मिळाला होता?"

"मिळाला होता."

"मग तुम्ही त्यांना सांगितलंत? मी लिहिलं होतं ते?"

एक शब्द म्हणायचा होता, नाही. पण ते डोळे समोर. दत्तप्रसादांना वाटलं, बाप गेला तो गेला, निदान हिला एवढं तरी असू दे, की बापाला कळलं होतं.

"हो, मॅडम," ते म्हणाले. "त्याच दिवशी सांगितलं. फार खूश झाले."

सुचित्रा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

हेझल त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "खूश झाले असते तर अकरा दिवसांत मला कुणीतरी एक ओळ लिहिली असती. ते खूश झाल्याचं तुम्ही सौजन्य म्हणून जोडलंत. ठीक आहे." तिने गुडघ्यावरची पर्स सारखी केली. "म्हणजे त्यांना माहीत होतं. माहीत असूनही त्यांनी नको म्हटलं. आई म्हणायची तेच खरं. मीच इतकी वर्षं मानत नव्हते."

"नो, नो, मॅडम!" दत्तप्रसाद उभेच राहिले. "मी खोटं बोललो. आत्ता खोटं बोललो. मी त्यांना सांगितलंच नाही! त्यांना तुम्ही लिहिल्याचं माहीतच नव्हतं. ते रोज विचारायचे, कुणी आलं का? रोज! शेवटच्या दिवशीसुद्धा विचारलं. मी म्हणालो, कुणी नाही. मी म्हणालो, मॅडम, मी!"

"का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं तुम्ही खोट्या. तुमच्या नावात मधे त्यांचं नाव नव्हतं. आमच्यात मुलीच्या नावात मधे बापाचं नाव असतं. माझ्या मुलीच्या आहे. तुमच्या पासपोर्टवर मार्गारेट होतं, म्हणून मी..."

बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ऐकू आलं की हे कसं वाटतंय. हेझलच्या तोंडावर हसू आलं, दमलेलं, क्षमा करणारं.

"मधल्या नावामुळे," ती म्हणाली.

"होय, मॅडम. देवाशप्पथ."

"इट इज ट्रू, मॅडम," सुचित्रा दारातून म्हणाली. "माय हजबंड, ही डिड नॉट टेल. इट इज ट्रू."

हेझलने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग उठली, दत्तप्रसादांचे दोन्ही हात तिने हातांत घेतले, आणि लहान मुलाची समजूत काढावी तशी बोलू लागली.

"तुम्ही दोघं किती चांगले आहात! माझ्यासाठी स्वतःवर दोष घेताय. असं कारण कुणी मुद्दाम रचल्याशिवाय सुचत नाही, मिस्टर तळवडेकर. नको. मला खरं पेलतं. त्यांना मी नको होते, पण त्यांच्या उशाशी तुम्ही होतात, त्यांचं आपलं माणूस. मला तेवढं पुरेसं आहे."

दत्तप्रसादांनी पुन्हा सांगितलं. मेल काढून दाखवला, आयव्हीबाईंचा, तिचा स्वतःचा, तारखा दाखवल्या. ती मान डोलवत होती, "हो, हो," म्हणत होती, आणि त्यातलं एक अक्षरही खरं मानत नव्हती. टॅक्सी खाली थांबली होती. ते तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेले, बोलतच गेले. तिने दार लावून घेतलं आणि काच खाली करून त्यांचे आभार मानले.